झाकलेल्या डब्यांची यादी

गेल्या वर्षीच्या भोंडल्याला कुमुदच्या ओढणीला सहा गाठी होत्या. एक सतरंजीची, एक पाण्याच्या जारची, एक हत्तीची. उरलेल्या तीन कशाच्या, ते तिला आजतागायत आठवलेलं नाही. काम लक्षात राहावं म्हणून गाठ मारायची ही तिच्या आईची सवय. आईचा पदर होता, दिल्लीत ओढणी झाली, एवढाच फरक. गाठी मोजता मोजता कुमुद स्वतःशीच गुणगुणायची:

कामं बाई झाली फार, ओढणीला मारल्या गाठी
गाठ राहे ओढणीला, काम गेलं कुण्या वाटी

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समधली तेरा मराठी घरं दर आश्विनात एका रविवारी पार्कात भोंडला करतात. मध्ये पाटावर हत्तीचं चित्र, भोवती बायका-पोरींचा फेर, गाणी, आणि शेवटी खिरापत. प्रत्येक घरचा डबा झाकलेला. आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखलं तर टाळ्या, नाही ओळखलं तर डबेवालीची मान वर्षभर ताठ.

गेल्या वर्षी हत्तीच कुणी आणला नाही. पार्काच्या कडेला करड्या कव्हराखाली एक स्कूटर उभी होती, तिलाच हत्ती मानून फेर धरला. तिसऱ्या गाण्यात मालक आला, "आंटीजी, ज़रा साइड," म्हणाला, आणि हत्तीला किक मारून मुनिरकाच्या दिशेनं निघून गेला. मग डबे उघडले. पहिल्यात वाटली डाळ, दुसऱ्यात वाटली डाळ. पाचव्या डब्यातही वाटली डाळ निघाली तेव्हा पोरी हसून हसून गवतावर लोळल्या, पण मंडळाची सेक्रेटरी स्वरूपा हसली नाही.

"कुमुदताई, बास झालं," ती म्हणाली होती. "पुढच्या वर्षापासून आपण सगळ्या त्या हॉलमधल्या मोठ्या भोंडल्याला जाऊ. खुर्च्या असतात, माइक असतो, खिरापत केटररची. टेन्शनच नाही."

"मला एक वर्ष दे," कुमुद म्हणाली होती. "पुढच्या वर्षीही असाच गोंधळ झाला, तर हॉलची तिकिटं मीच काढून आणीन."

हे बोलताना तिला आपला इथला पहिला भोंडला आठवत होता. सव्वीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन इथं आली, तेव्हा तिला हिंदीत दोन शब्द धड जुळवता येत नव्हते. भाजीवाल्याशी ती बोटांनी बोलायची. एका संध्याकाळी पार्कातून मराठी गाणं ऐकू आलं आणि ती चपला घालायचीही विसरून खाली धावली. फेरातल्या एका बाईनं काही न विचारता हात पुढे केला. तो हात चंद्रप्रभाकाकूंचा. इथला पहिला भोंडला त्यांनीच मांडलेला. माइकवरच्या भोंडल्यात कुणाचा हात कोण धरणार?

तर यंदा गाठींवर विसंबायचं नव्हतं.

अश्लेषा ही कुमुदच्या मेहकरच्या मैत्रिणीची लेक. राजेंद्रनगरात एका खोलीत राहून यूपीएससीचा अभ्यास करायची आणि दर रविवारी मेट्रोनं मावशीकडे जेवायला यायची. तिच्या जुन्या लॅपटॉपवर सगळं आयुष्य मांडून ठेवलेलं होतं. पंचवीस मिनिटं वाचलं की टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ वाजायचं, मग पाच मिनिटं सुट्टी. नोट्स एकीकडे, उजळणीच्या तारखा दुसरीकडे, आणि एक मोठा फळा. त्यावर तीन रकाने: करायचं, चाललंय, झालं. कामाची चिठ्ठी बोटानं उचलायची आणि पुढच्या रकान्यात नेऊन ठेवायची.

"आणि हे सगळं फुकट?" कुमुदनं विचारलं. "पुढे पैसे मागतील हो. आधी गोड बोलतात."

"नाही मागणार, मावशी. हे कुणा एकाचं नाहीच. कुणीतरी आधी बनवलं, दुसऱ्यानं भर घातली, तिसऱ्यानं त्यात मराठी अक्षरं बसवली. ज्याला हवं त्यानं घ्यावं, जमलं तर आपलं थोडं वाढवावं."

कुमुदनं पोळी तव्यावरच राहू दिली. "म्हणजे भोंडल्याच्या गाण्यासारखं की गं. पहिली ओळ कुणाची, कुणाला ठाऊक!"

"तुमची पोळी, मावशी!"

पोळी जळली, पण फळा तयार झाला. वर मोठ्या अक्षरांत नाव: भोंडला, रविवार, चार वाजता. करायचं या रकान्यात चिठ्ठ्या उतरल्या. सतरंज्या, पाणी, स्पीकर, पार्कची परवानगी. हत्ती, आणि त्यापुढे रेवतीचं नाव, कारण स्वरूपाच्या या नऊ वर्षांच्या लेकीचं चित्र बरं होतं. अश्लेषानं प्रत्येक चिठ्ठीला रंग दिला, हत्तीला आधी करडा, मग जांभळा, मग पुन्हा करडा.

"यात तुझ्या त्या टोमॅटोनं दोनदा शंख केला," कुमुद म्हणाली. "रंगवण्यातच अर्धी राज्यघटना वाचून झाली असती."

"हा पण अभ्यासच आहे, मावशी. प्रशासन!"

फळ्याच्या सोबतीला एक यादी केली. घर, खिरापत, किती माणसं, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत. फळ्याचा आणि यादीचा दुवा मंडळाच्या ग्रुपवर टाकला, म्हणजे जी ती आपली ओळ भरेल आणि दुसरीचा पदार्थ पाहून स्वतःचा वेगळा लिहील. वाटल्या डाळीची पाच भावंडं पुन्हा जन्माला यायला नकोत.

आणि चमत्कार झाला. ज्या बायकांना तीनतीनदा फोन करावे लागायचे, त्यांनी चार दिवसांत ओळी भरल्या. स्वरूपानं सुरळीच्या वड्या लिहिल्या, क्षिप्रानं दडपे पोहे, सुखदानं खांडवी. एकही पदार्थ दोनदा नाही. पार्कची परवानगी चाललंयमधून झालंमध्ये गेली, तेव्हा कुमुदनं ती चिठ्ठी स्वतःच्या बोटानं सरकवली आणि ओढणीची एक गाठ सुटावी तसं तिला हलकं वाटलं. दुपारी चहा घेताना ती यादी उघडून बघत बसायची. वरच्या कोपऱ्यात रंगीत गोल दिसायचे, त्यांत नावांची पहिली अक्षरं. त्या क्षणी यादी कोण पाहतंय त्याची ती खूण. स्वरूपाचा गोल तर सारखाच तिथे.

"किती मनावर घेतलंय बघा पोरींनी," ती नवऱ्याला म्हणाली.

बळवंतराव मंत्रालयात अवर सचिव. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "इतक्या वेळा एकच फाईल कुणी उगाच मागवत नाही हो."

शुक्रवारी दुपारी रेवती हत्ती दाखवायला आली. हत्ती छान होता, सोंडेत फुलांचा झेला, पायात चक्क स्पोर्ट्स शूज.

"अगं, बूट कशाला?"

"ताकि तो मागच्या वर्षीसारखा भागून जाणार नाही. मतलब, लेस बांधलीय ना." रेवतीनं लेस एकमेकींना बांधलेली दाखवली. मग खाऊच्या डब्याकडे पाहत म्हणाली, "काकू, तुम्ही नारळाच्या वड्या कधी करणार?"

कुमुदनं डब्यातली तिळाची वडी तिच्या हातावर ठेवली. "नारळाच्या वड्या? तुला कोण म्हणालं?"

"लिस्टमध्ये आहे ना. आईनं पूर्ण लिस्ट पाठ केलीय. भांडी घासताना म्हणते, क्षिप्रा दडपे पोहे, सुखदा खांडवी. यंदा सगळे ढक्कन आईच ओळखणार! पण हे सीक्रेट आहे हां."

रेवती वडी तोंडात टाकून पळाली आणि कुमुद ओट्याला टेकून उभी राहिली. सगळं वेळेवर होणार होतं. सतरंजी, पाणी, हत्ती, बूट, सगळं. फक्त ज्याच्यासाठी डबे झाकायचे, तेच उघडं पडलं होतं. तेरा डबे येणार आणि ओळखायला काहीच नाही. मग हॉलच काय वाईट?

तिनं अश्लेषाला फोन लावला.

"अरे यार!" पलीकडून आवाज आला. "मावशी, मी 'सगळ्यांना दिसेल' असंच ठेवलं होतं. म्हणजे एकसारखे पदार्थ नकोत म्हणून. खिरापत लपवायची असते हे डोक्यातच आलं नाही. बंद करू का आता?"

"आता काय बंद करतेस? स्वरूपाची तर पाठ झालीय."

बळवंतराव दारातून सगळं ऐकत होते. "गोपनीय फाईल तुम्ही सर्वांच्या माहितीस्तव फिरवलीत," ते म्हणाले. "आमच्याकडे याला मेमो मिळतो."

"तुम्ही आत जा बरं!"

ते हसत आत गेले. कुमुदनं यादी पुन्हा उघडली, कुणी कुणी पाहिली असेल ते मोजायला. एक, दोन, तीन. स्वतःची धरून ओळी बारा झाल्या. तिनं बोटानं पुन्हा मोजल्या. बारा. घरं तर तेरा. कोण राहिलं?

चंद्रप्रभाकाकू!

काकूंचा फोन साधा, बटणांचा. ग्रुपवर नंबर त्यांच्या मुलाचा, राजीवचा. राजीवनं ग्रुपचा आवाज कधीच बंद करून ठेवलेला, आणि गेले पंधरा दिवस तो ऑफिसच्या कामाला गुवाहाटीत. गाठींच्या दिवसांत कुमुद घरोघर फिरायची, म्हणून काकूंचं दार आपोआप वाजायचं. यंदा ती कुणाच्याच दारी गेली नव्हती. यादी इतकी भरलेली दिसत होती, की रिकामं काय राहिलं ते दिसलंच नाही.

बारा घरी दिवे लागले, तेरावं राहिलं मागे
पहिली वात जिनं लावली, तिलाच कुणी ना सांगे

ओवी ओठांवर आली तशी ती चपला घालून निघाली. या वेळी चपला विसरली नाही, पण दोन पायांत दोन वेगळ्या होत्या.

चंद्रप्रभाकाकू तळमजल्यावरच्या आपल्या व्हरांड्यात मेथी निवडत बसल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांचं वय, नाकात मोत्याची नथनी, पायांत राजीवचे जुने मोजे. समोरच्या सप्तपर्णीचा वास दाराशी येऊन थांबला होता.

"आलीस?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं, यंदा भोंडला कम्प्युटरच खेळणार."

"काकू, चुकलं माझं."

"चुकलंच. चपला बघ तुझ्या." काकूंनी मेथीची अर्धी जुडी तिच्याकडे सरकवली. "रविवारी चार वाजता ना? मी येणारच होते, न बोलावता. रेवती माझ्या ओट्यावर बसूनच हत्तीला बूट घालत होती. पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून वाट पाहिली."

कुमुदला मेथीचं पान दिसेना. काकू म्हणाल्या, "बास. आता सांग, चेहरा एवढ्याचसाठी उतरलाय की अजून काही?"

कुमुदनं सगळं सांगितलं. यादी, गोल, स्वरूपाचं पाठांतर. काकू ऐकता ऐकता हसायला लागल्या आणि मेथीच्या काड्या मांडीवरून घरंगळल्या.

"मला एवढंच सांग. आपण यादी पाठ केलीय हे एकीनं दुसरीला सांगितलंय का?"

"छे! प्रत्येकीला वाटत असणार आपणच हुशार. कुणी कुणाजवळ बोलणार?"

"मग बिघडलंय काय? प्रत्येकीला वेगळं गाठ. सांग, फक्त तुझाच पदार्थ फुटलाय, तेवढा बदल, आणि कुणाला बोलू नको. बाकीच्यांचं यादीतलंच आहे असं तिला वाटू दे."

कुमुदनं मेथी खाली ठेवली. "आणि सगळ्यांनी मिळून पुन्हा वाटली डाळच केली तर?"

"ते तू बघ. त्याच्यासाठीच तर ते यंत्र शिकलीस ना?"

घरी आल्यावर कुमुदनं बळवंतरावांचा लॅपटॉप उघडला. अश्लेषा फोनवर सांगत होती, पण हात कुमुदचे होते. नवी यादी. घर, जुना पदार्थ, नवा पदार्थ. मग ती खिडकी, जिथे कुणाला दिसावं ते विचारतात. कुमुदनं चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि निवडलं: फक्त मला.

"पाहू बरं," ती म्हणाली. "तुला दिसतंय का?"

"नाही, मावशी. दार बंद आहे म्हणतंय."

"अहो, तुम्हाला?"

"मला कधी काय दिसलंय या घरात?" बळवंतराव आतून म्हणाले.

मग फोन सुरू झाले. क्षिप्रा म्हणाली, "बिल्कुल नाही सांगणार, ताई, नवऱ्यालाही नाही." आणि साबुदाण्याच्या खिरीला तयार झाली. सुखदानं खांडवीसाठी नारळ फोडून ठेवला होता. ती आधी हिरमुसली, मग तिखटामिठाच्या पुऱ्या ठरल्या. प्रत्येक फोननंतर कुमुद नवा पदार्थ लिहायची आणि आधीच्या ओळींवरून बोट फिरवायची. दोघींना एकच कोथिंबीर वडी सुचली, तेव्हा बोट तिथं अडलं आणि दुसरीला मुगाच्या डाळीची कचोरी मिळाली. कोथिंबीर वडी स्वरूपाकडे राहिली, पण ती सहज ऐकणाऱ्यांतली नव्हती.

"फक्त माझंच फुटलंय? कसं काय?"

"तू कुठं बोललीस का घरात? भांडी घासताना वगैरे?"

"ठीक आहे," स्वरूपा घाईनं म्हणाली. "कोथिंबीर वडी. पण बाकीच्यांचं आहे तेच ना?"

"तू यादी पाहिलीस का?"

"मी? छे, मला कुठला वेळ!"

शेवटी कुमुदनं स्वतःच्या नारळाच्या वड्या खोडल्या आणि तिथे मोकळ भाजणी लिहिली. तेराव्या ओळीत लिहिलं, चंद्रप्रभाकाकू. पदार्थाच्या जागी काहीच नाही. विचारलं होतं तिनं, पण काकू म्हणाल्या होत्या, "तुझ्या यंत्राला कशाला सांगू? त्याला जीभ आहे का?"

रविवारी चारच्या ठोक्याला भोंडला सुरू झाला. इतिहासात पहिल्यांदा. फळ्यावरच्या एक सोडून सगळ्या चिठ्ठ्या झालंमध्ये जाऊन बसल्या होत्या. सतरंज्या अंथरलेल्या, पाण्याचे जार सावलीत, पाटावर बूट घातलेला हत्ती. ऊन मऊ झालं होतं. शेजारच्या सेक्टरात रामलीलेचा स्पीकर तपासला जात होता, त्यातला रावण मध्येच "हॅलो, हॅलो" करायचा आणि फेरातल्या पोरी त्याला ओ द्यायच्या. अश्लेषानं काकूंना खुर्ची आणली. काकूंनी ती मागे सारली आणि चार गाणी फेर धरला, एका हाताला कुमुद, दुसऱ्याला रेवती. मग खुर्ची चालली त्यांना.

आता खिरापत. पहिला डबा क्षिप्राचा.

"गोड की तिखट?" कुणीतरी रीतीप्रमाणे विचारलं.

"थांबा, थांबा," स्वरूपा पुढे झाली. "मला वास येतोय. दडपे पोहे!"

"नाही," क्षिप्रा म्हणाली.

"नाही कसं? दडपे पोहेच!"

"नाही म्हणजे नाही. ही घ्या, साबुदाण्याची खीर." मग क्षिप्रा वळली. "आता स्वरूपाताईंचा. या सुरळीच्या वड्या."

"हरलीस!" स्वरूपानं कोथिंबीर वडीचं झाकण उचललं आणि तिची मान दोन मिनिटं ताठ राहिली. तिसरा डबा सुखदाचा. सात जणी एका सुरात ओरडल्या, "खांडवी!"

आत पुऱ्या होत्या.

पार्कात क्षणभर फक्त रावणाचा "हॅलो" ऐकू आला. सात जणींनी एकमेकींकडे पाहिलं. सगळ्यांना एकदमच खांडवी कशी सुचली?

"म्हणजे तू पण यादी..." सुखदा म्हणाली.

"आणि तू?"

"मी फक्त एकदाच पाहिली!"

"माझ्या आईनं तर पाठ केली!" रेवती आनंदानं ओरडली.

मग हसू फुटलं. एकीचं दुसरीला लागलं, दुसरीचं तिसरीला. स्वरूपानं आधी लेकीकडे डोळे वटारले, मग ओठ दाबले, मग मटकन सतरंजीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "कुमुदताई! सगळ्यांना फोन केलेत? सगळ्यांना?"

"तुला वेळ कुठला होता यादी पाहायला," कुमुद म्हणाली.

पुढचे डबे खरे ओळखावे लागले. वास घ्यावा लागला, डबा हलवावा लागला, गोड की तिखट, तळलेलं की उकडलेलं, असं खोदून विचारावं लागलं. कचोरीला नऊ प्रयत्न लागले. मोकळ भाजणी अश्लेषानं पहिल्या झटक्यात ओळखली आणि तिच्यावर यादी फोडल्याचा खटला भरला गेला. "मी राजेंद्रनगरच्या मेसमध्ये जेवते हो," ती कळवळून म्हणाली, "घरच्या भाजणीचा वास मला मेट्रो स्टेशनातून येतो!" तिला निर्दोष सोडलं.

शेवटी काकूंचा पितळी डबा मध्ये आला. हा कुणालाच ठाऊक नव्हता, कुमुदलाही नाही. बाकी बारा डब्यांना ती गप्प बसलेली. आता तीही पुढे सरकली.

"गोड की तिखट?"

"दोन्ही," काकू म्हणाल्या.

"तळलेलं?"

"नाही. उकडलेलंही नाही."

"मराठी की दिल्लीचं?"

काकूंनी जरा विचार केला. "दोन्हीकडचं."

चाट झाली, ढोकळा झाला, मोमोसुद्धा झाले. अंदाज संपले तशा सुखदा आणि क्षिप्रा टाळ्या देत गाऊ लागल्या, जागच्या जागी जुळवत:

झाकण उघडा काकूबाई, बारा घरं हरलो
गोड म्हणता तिखट होई, दहा गल्ल्या फिरलो

कुमुद मात्र डब्याजवळ वाकली होती. पितळेच्या कडेला राखेचा बारीक कण चिकटला होता. घरात गॅस. राख कुठली? पार्काच्या फाटकाशी आठवडाभर एक हातगाडी उभी राहत होती, निखाऱ्यांवर काहीतरी भाजत.

"रताळी!" ती म्हणाली. "शकरकंदी! निखाऱ्यावरची, लिंबू-मसाला लावलेली!"

काकूंनी झाकण उचललं. भाजलेल्या रताळ्याचा गोड, जळका, आंबट वास फेरभर पसरला. "आता ओट्याशी उभं राहवत नाही, बाई," काकू म्हणाल्या. "तरी ओळखायला अख्खं आर. के. पुरम लागलं ना?"

झाकणं रिकामी होत असताना अश्लेषानं लॅपटॉप सतरंजीवर ठेवला. फळ्यावर एकच चिठ्ठी करायचंमध्ये उरली होती. ती स्वरूपानंच पहिल्या दिवशी टाकलेली: पुढच्या वर्षी हॉल की पार्क, ठरवणे.

स्वरूपानं कोथिंबिरीचं बोट ओढणीला पुसलं. चिठ्ठी उघडून तिनं 'हॉल की' हे दोन शब्द खोडले, आणि ती झालंमध्ये नेऊन ठेवली. मग नवी चिठ्ठी लिहायला कुमुदकडे लॅपटॉप सरकवला.

कुमुदनं लिहिलं: पुढच्या वर्षीची यादी. पहिली ओळ, चंद्रप्रभाकाकू.

"लिही, लिही," काकू खुर्चीतून म्हणाल्या, "पण पदार्थ लिहू नकोस."

"लिहून बंद करते, काकू. फक्त मला दिसेल."

"तुला तरी कशाला?" काकू म्हणाल्या, आणि उरलेलं रताळं रेवतीच्या हातावर ठेवलं.